स्टोरीवीव्हर: इंग्रजीच्या तासाला नाटक करू पाहणाऱ्यांसाठी

प्रथम बुक्स या बंगळुरूच्या ना-नफा प्रकाशनसंस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर हे बालकथांचं खुलं संकेतस्थळ सुरू केलं. आज तिथे ३०० हून अधिक भाषांतल्या गोष्टी आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत भरपूर. वाचायला पैसे पडत नाहीत, गोष्ट उतरवून घेता येते, छापता येते, बदलताही येते. या परीक्षणात सगळं संकेतस्थळ तपासलेलं नाही. इंग्रजी शिकवायची आहे, ती नाटकातून शिकवायची आहे आणि त्याच नाटकातून न्याय-अन्यायाचा प्रश्न मुलांसमोर ठेवायचा आहे, या कामाला ते किती उपयोगी पडतं एवढंच इथे पाहिलं आहे. कोकणातली दोन-तीन शिक्षकांची, जोडवर्गांची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे.

कच्चा माल म्हणून याच्या तोडीचं फुकट दुसरं काही आमच्या पाहण्यात नाही. तयार नाटक मात्र तिथे मिळत नाही. आणि ज्या गोष्टी ‘सामाजिक’ म्हणून चटकन डोळ्यांत भरतात, त्याच नाटकासाठी बहुधा सगळ्यात कमी कामाच्या ठरतात. असं का होतं ते पुढे येईलच.

आधी निवडीचं बघू. साइटवर गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिली २५० शब्दांच्या आतली, सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द असलेली. दुसरी ६०० शब्दांपर्यंत. तिसरी १५०० पर्यंत. चौथी त्याहून मोठी. नाटकासाठी निवडताना मुलांच्या वाचनाच्या पातळीपेक्षा एक पायरी खाली उतरावं. तिसरी-चौथीला पहिली पातळी, पाचवी ते सातवीला दुसरी. सातवीच्या मुलांना ‘लहान मुलांची’ गोष्ट दिली तर ती नाक मुरडतील ही भीती खरी नसते. उभं राहून बोलायची वेळ आली की तीच गोष्ट त्यांना पुरेशी अवघड वाटते. महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवली जाते. तरीही वरच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना इंग्रजीत परवानगी मागता येत नाही. ते वाक्य त्यांनी शंभरदा वाचलेलं असतं, पण त्या वाक्याने कुणाकडे काही मागितलेलं नसतं.

पातळी ठरते ती शब्दसंख्येवर आणि वाक्याच्या लांबीवर. गोष्ट बोलण्याजोगी आहे की नाही, हे त्यातून कळत नाही आणि शोधताना तशी चाळणीही लावता येत नाही. ते काम पेन्सिलीने करावं लागतं. गोष्ट छापा किंवा वहीत उतरवा आणि पात्रांच्या तोंडची वाक्यं अधोरेखित करा. निम्म्याच्या आसपास मजकूर संवादांचा असेल तर गोष्ट घ्या. एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर सोडा, चित्रं कितीही देखणी असोत. दुसरी कसोटी पुनरावृत्तीची. एकच मागणी तीन-चार वेगवेगळ्या पात्रांकडे जाते आणि प्रत्येक वेळी नाकारली जाते, अशी साखळीची गोष्ट इंग्रजीसाठी सोनं आहे. मूल तेच वाक्य चार वेळा म्हणतं आणि दर वेळी समोरचा वेगळा असल्याने त्याचा कंटाळा येत नाही.

तिसरी कसोटी न्यायाची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची: गोष्टीत असा क्षण हवा जिथे कुणाची तरी अडवणूक होते, आणि तिथे गोष्ट थांबवता आली पाहिजे. ‘सामाजिक’ गोष्टी मार खातात त्या इथेच. मुलीला शाळेत पाठवत नाहीत, मग बाई घरी येतात, बाबांना समजावतात, बाबा ऐकतात. वेगळ्या दिसणाऱ्या मुलाला खेळात घेत नाहीत, मग तो काहीतरी पराक्रम करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. अशा गोष्टींत प्रश्न सोडवणारा मोठा माणूस आधीच हजर असतो, नाहीतर ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच स्वतःची लायकी सिद्ध करावी लागते. मुलांना करायला काही उरत नाही. ती शेवटचं वाक्य एका सुरात म्हणतात आणि बसतात. त्यापेक्षा रांगेत मध्ये घुसणारा हत्ती, वाटणीत जास्त घेणारं माकड, झाडावर हक्क सांगणारा कावळा असली साधी गोष्ट घ्या. तिच्यात भांडण खरं असतं आणि उत्तर हातात दिलेलं नसतं.

गोष्ट सापडली की तिचं संवादात रूपांतर करायचं, आणि इथे व्याकरणाचा एक पेच येतो. गोष्ट भूतकाळात लिहिलेली असते. ‘द क्रॅब आस्क्ड द हेरॉन फॉर वॉटर’ अशी. नाटकात ते वाक्य ‘कॅन आय ड्रिंक, प्लीज?’ असं व्हायला हवं. म्हणजे भूतकाळातलं कथन वर्तमानातल्या प्रश्नात, आज्ञेत किंवा नकारात आणायचं. हे रूपांतर पाचवीच्या पुढे मुलांकडूनच करून घ्या, त्याहून चांगला व्याकरणाचा तास मिळणार नाही. मात्र एक उणीव लक्षात ठेवा. नाटकात ‘मी’ आणि ‘तू’ यांचंच राज्य असतं, त्यामुळे ‘ही गोज’, ‘शी सेज’ यातला शेवटचा ‘ज’ मुलांच्या तोंडी येतच नाही. तो यावा म्हणून निवेदक ठेवावा लागतो. निवेदक दोघं ठेवा आणि प्रत्येक प्रवेशाला बदला, म्हणजे तृतीयपुरुषी क्रियापद सगळ्यांच्या वाट्याला येतं.

वाक्यं किती? एका नाटकाला वाक्यांचे चार साचे आणि आठ नवे शब्द, त्यावर एकही नको. नमुन्यासाठी एक छोटी गोष्ट घेऊ. ही साइटवरची नाही, साचा दाखवण्यासाठी रचली आहे. वैशाखात तळं आटलंय. पाण्याकडे जायला एकच दगड उरलाय आणि त्यावर बगळा उभा आहे. बेडूक येतो, बगळा त्याला जाऊ देतो. कासव येतं, त्यालाही जाऊ देतो. कुर्ली, म्हणजे खेकडी, येते, तिला म्हणतो, तू तिरकी चालतेस, तू शेवटी. कुर्ली शेवटी येते तेव्हा बगळा म्हणतो, उद्या. इथे गोष्ट थांबते.

यातली इंग्रजी अशी: ‘कॅन आय ड्रिंक, प्लीज?’ ‘येस, यू कॅन.’ ‘नो, यू कान्ट.’ ‘व्हाय?’ ‘बिकॉज यू वॉक साइडवेज.’ ‘दॅट इज नॉट फेअर.’ ‘हू मेड धिस रूल?’ एवढंच. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक मुलांना ऐकू येत नाही, कारण शेवटचा ‘ट’ बोलण्यात गिळला जातो. तो फरक ‘ट’वर शिकवू नका, स्वरावर शिकवा: होकारात आखूड ‘कॅ’, नकारात लांब ‘का’. नकाराला तळहात पुढे करायचा, होकाराला हात बाजूला न्यायचा. हातवारे जोडले की दोन तासांत कानाला सवय होते. ‘व्हाय यू आर…’ अशी उलटी मांडणी मराठीच्या वळणाने येतेच. ती दुरुस्त करत नाटक थांबवू नका. नाटक संपल्यावर तेच वाक्य सगळ्या वर्गाकडून तालात म्हणून घ्या.

पहिल्या दिवशी इंग्रजी नकोच. चित्रं दाखवून गोष्ट घरच्या बोलीत सांगा. मालवणीत, संगमेश्वरीत, आगरीत, जी असेल ती. यासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी डोळ्यांसमोर ठेवा. ठाकर कलावंतांच्या त्या पोथीत एकेका कथेची सुटी चित्रं असतात. सांगणारा एक चित्र पुढे धरतो, बोलतो, मग दुसरं धरतो. स्टोरीवीव्हरची पानं एकाच बाजूला छापून सुटी ठेवली तर नेमकं हेच करता येतं, आणि चित्राच्या पाठीमागे शिक्षकाला आपली वाक्यं लिहून ठेवता येतात. फोनच्या पडद्याभोवती वीस मुलं गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ए-फोर आकाराचं चित्र अर्धवर्तुळात बसलेल्या पंधराएक मुलांना नीट दिसतं. वर्गाचा पट त्याहून मोठा असेल तर ए-थ्री छापा.

छपाईबद्दल सांगायलाच हवं, कारण घोळ तिथे होतो. गोष्टीची कमी आणि जास्त रिझोल्यूशनची पीडीएफ मिळते. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली फाइल बहुधा हलकी असते, मोठ्या आकारात छापली की चित्र धूसर होतं. जड फाइल तालुक्याच्या गावी, नेटवर्क असताना उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. रंगीत चित्रांची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की रात्रीचे आणि जंगलाचे प्रसंग नुसते काळे होतात, म्हणून झेरॉक्सवाल्याला शाई हलकी ठेवायला सांगा आणि आधी एकच पान काढून बघा. लॅमिनेशन केलं तर पान टिकतं, पण खिडकीसमोर धरलं की चमकतं आणि मागच्या रांगेला काही दिसत नाही. खिडकीकडे तोंड किंवा पाठ न करता उजेड बाजूने येईल असं उभं राहा. लॅमिनेशन न केलेली पानं जून ते सप्टेंबर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. उघड्या कपाटात किनाऱ्यावरच्या दमट हवेने ती वाकतात आणि चित्रांवर बुरशीचे डाग येतात.

दुसऱ्या दिवशी वाक्यं. पात्राची चिठ्ठी देऊन पाठांतराला बसवू नका. सिंधुदुर्गात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथानक ठाऊक असतं आणि संवाद रंगमंचावर सुचतात. आपल्या मुलांनी ते जत्रेत रात्र-रात्र पाहिलेलं असतं. तीच रीत इथे वापरायची: प्रसंग माहीत, साचे माहीत, बाकीचं जागेवर. पाठ केलेल्या नाटकात मूल एक शब्द विसरलं की गोठतं आणि पुढचं सगळं नाटक त्याच्यासाठी थांबतं. साचे येत असतील तर ते दुसऱ्या साच्याने वेळ मारून नेतं, आणि भाषा येऊ लागली आहे याची खूण तीच. सगळ्या वर्गाला दोन रांगांत समोरासमोर उभं करा. एक रांग कुर्ल्यांची, एक बगळ्यांची. एक रांग मागते, दुसरी नाकारते. मग आवाज बदलून पुन्हा: विनवणीने, रागाने, भीत भीत, खोट्या गोडव्याने. दहा मिनिटांत प्रत्येक मुलाच्या तोंडून तेच वाक्य पंधरा-वीस वेळा निघतं आणि कुणी एकटं उघडं पडत नाही. बुजऱ्या मुलांसाठी याहून सुरक्षित सुरुवात नाही.

तिसऱ्या दिवशी पुतळे. पाच-सहा मुलांचा गट करा आणि कुर्लीला परत पाठवलं तो क्षण न बोलता, न हलता उभा करायला सांगा. थांबण्यासाठी एक ठोका ठरवून घ्या, भजनातली झांज उत्तम. टाळी वाजवून खूण करू नका, नाटकात मुलं स्वतःच टाळ्या वाजवतात. पुतळे उभे राहिले की एकेकाच्या खांद्याला हात लावायचा आणि त्या पात्राच्या मनातलं एक वाक्य ऐकायचं, इंग्रजीत आलं तर इंग्रजीत, नाहीतर बोलीत. खरा तास इथे सुरू होतो. कुर्लीच्या मनातलं कुणीही सांगेल. बेडकाला विचारा. ज्याला पाणी मिळालं, ज्याने कुर्लीला परत जाताना पाहिलं आणि जो काही बोलला नाही, तो काय म्हणतो? बऱ्याच वर्गांत इथे शांतता पसरते. ती भरून काढायची घाई करू नका.

चौथ्या दिवशी प्रवेश अडवणुकीपर्यंत नेऊन सोडायचा. पाचव्या दिवशी ज्याला फोरम थिएटर म्हणतात ते. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी ही पद्धत घडवली. नियम थोडे, पण काटेकोर आहेत. कुर्ली हरते तोच प्रवेश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘स्टॉप!’ म्हणायचं, पुढे यायचं आणि कुर्लीची किंवा तिच्या बाजूच्या कुणाची जागा घेऊन वेगळं काही करून बघायचं. बगळ्याची जागा घेता येत नाही. हा नियम मोडला की खेळ संपला, कारण पहिलंच मूल बगळा होतं, ‘येस, यू कॅन’ म्हणतं आणि प्रश्नच उरत नाही. खऱ्या जगात अडवणारा असा आपणहून बदलत नाही. बगळा झालेल्या मुलाने सहजासहजी हार मानायची नाही, पण अडूनही बसायचं नाही: पटलं तर थोडं मागे सरायचं. हे बगळ्याला आधीच वेगळं समजावून ठेवा.

मुलं सुरुवातीला तीन प्रकारची उत्तरं आणतात. पाऊस पडतो. मोठा प्राणी येऊन बगळ्याला हाकलतो. किंवा सगळे मिळून बगळ्याला मारतात. तिन्हींना ‘चूक’ म्हणू नका. पावसाला विचारा, उद्या ऊन पडलं तर? मोठ्या प्राण्याला विचारा, आता दगडावर तू उभा आहेस, तू कुणाला जाऊ देणार? मारामारी झाली तर दुसऱ्या दिवसाचा प्रवेश करायला लावा; बगळा चार बगळे घेऊन येतो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला कुणीतरी बेडकाला हाक मारतं: ‘यू सॉ इट. से समथिंग!’ किंवा सगळे मिळून पाणी प्यायचं नाकारतात. हे मुलांनी शोधावं. शिक्षकाने सुचवलं की तो पाठ्यपुस्तकातला धडा होतो, आणि मुलं ते लगेच ओळखतात.

भाषेचा आग्रह इथे सोडायला हवा. एवढ्याशा वाक्यांत विचार मावत नाही. पुढे आलेल्या मुलाने पहिलं वाक्य इंग्रजीत म्हणावं, मग बोलीत भांडावं, आणि त्याला जे म्हणायचं होतं त्यातलं एक वाक्य वर्गाने मिळून इंग्रजीत बसवावं, ते फळ्यावर जावं. या रीतीने आठवड्याला तीन-चार वाक्यं अशी मिळतात जी पुस्तकात नाहीत आणि मुलं विसरत नाहीत. इंग्रजीतच बोला म्हणून अडून बसलात तर ज्यांना इंग्रजी बरी येते तीच दोन मुलं न्यायाबद्दल बोलतील. मग वर्गात दगडावर उभं कोण आहे?

भूमिका वाटताना एक पथ्य कडक पाळा. ज्या मुलावर खऱ्या आयुष्यात ती वेळ येते, त्याला तीच भूमिका देऊ नका. कातकरवाडीतलं मूल, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूल, बौद्धवाडीतली मुलगी यांना ‘तुला जास्त चांगलं जमेल’ म्हणून कुर्ली करणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे. पशुपक्ष्यांची गोष्ट घ्यायची ती याचसाठी, मुलं लहान आहेत म्हणून नव्हे. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या, प्रत्येक फेरीला बदला आणि शेवटी सगळ्यांना पात्रातून बाहेर काढा: पात्राचा रुमाल काढून डब्यात टाकायचा, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, वर्गाला एक फेरी मारायची. हे राहिलं तर दुपारच्या सुट्टीत कुणाला तरी ‘कुर्ली’ अशी हाक पडते आणि आठवडाभर चिकटते.

सहावीच्या पुढे पशुपक्ष्यांवरून माणसांवर यायचं असेल तर कोकणाला बाहेरची गोष्ट लागत नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चालत गेले आणि ते पाणी प्याले. नंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं आणि वाद कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. नाटकाच्या दृष्टीने यातली १९२४ ते १९२७ ही तीन वर्षं सगळ्यात मोलाची आहेत. एक मूल ठराव वाचतं, दुसरं तळ्याकडे पाऊल टाकतं, चौघं वाट अडवतात. ‘द पेपर सेज येस. यू से नो. हू इज राइट?’ नियम कागदावर असणं आणि वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या तीन वाक्यांत सातवीच्या मुलांना नेमकं कळतं, आणि गावात आजही कुठे असं आहे ते त्यांना दाखवावं लागत नाही. इथे आंबेडकरांची भूमिका एकाला देऊ नका. सगळा वर्ग मिळून चालू दे.

ही किंवा अशी गोष्ट तुम्ही स्टोरीवीव्हरवर स्वतः रचू शकता. खातं उघडलं की तिथल्या चित्रसंग्रहातली चित्रं घेऊन पान-पान गोष्ट लिहिता येते, दुसऱ्याच्या गोष्टीचं भाषांतर करता येतं किंवा तिची पातळी बदलता येते. ही साइटची सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि याच बाजूचा नीट उपयोग केला जात नाही. तिथल्या बहुतेक गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० परवान्याखाली आहेत. म्हणजे गोष्ट छापा, वाटा, शेवट काढून टाका, बगळ्याच्या जागी खंड्या करा, स्नेहसंमेलनात सादर करा, कुणाची परवानगी लागत नाही. अट एकच: लेखक, चित्रकार, भाषांतरकार, प्रकाशक आणि परवाना यांचा उल्लेख हवा, आणि बदल केला असेल तर तो केल्याचंही लिहायला हवं. ही माहिती पीडीएफच्या शेवटच्या पानांवर असते, आणि पैसे वाचवायला झेरॉक्स काढताना नेमकी तीच पानं गाळली जातात. ती गाळू नका. सहावी-सातवीच्या मुलांना ते पान वाचून दाखवा. आपण वाचतोय ते कुणीतरी लिहिलंय, कुणीतरी काढलंय, कुणीतरी आपल्या भाषेत आणलंय, हे कळणंही शिक्षणच आहे.

चित्रसंग्रहाला मर्यादा आहे. होडी, झाड, बाजार, शाळा मिळतात. पण खाडीतली पगार (छोटी होडी), कौलारू घराची पडवी, मासळीचा लिलाव असलं नेमकं हवं असेल तर शोधत बसण्यात वेळ जातो. मुलांकडून काढून घ्या, फोटो काढा आणि चढवा.

भाषांतराचा दर्जा सारखा नाही, आणि खुल्या मंचावर तो सारखा असणारही नाही. कुणीही भाषांतर चढवू शकतं. काही मराठी गोष्टी घासूनपुसून केलेल्या आहेत, काहींत वाक्याची ठेवण हिंदीची किंवा इंग्रजीची राहिली आहे. नाटकासाठी मराठी प्रत फक्त शिक्षकाला अर्थ लागावा म्हणून वापरा. मुलांना आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत सांगा. इंग्रजी प्रतही आहे तशी घेऊ नका. पहिल्या पातळीतसुद्धा ‘ग्रम्बल्ड’, ‘स्करीड’ अशी कथनाची क्रियापदं भेटतात. ती वाचताना गोड लागतात, बोलण्यात उपयोगाची नाहीत.

काही गोष्टींना आवाज जोडलेला आहे. शब्द पुढे सरकतो तसा उजळत जातो. मुलांना समोर बसवून ते लावून देणं सोपं आहे आणि म्हणूनच टाळावं. त्याचा खरा उपयोग शिक्षकाला, आदल्या रात्री, स्वतःचे उच्चार आणि वाक्याचा चढ-उतार तपासायला. वर्गात बोलायचं ते शिक्षकानेच.

ज्यांना एकाच पानावर दोन भाषा हव्यात त्यांनी चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाची मराठी-इंग्रजी जोडपुस्तकं बघावीत. ती विकत घ्यावी लागतात आणि बदलता येत नाहीत, पण हातात धरायचं पुस्तक म्हणून सुरेख असतात. शाळेच्या वाचनालयात पाच-सहा असावीतच.

वेळापत्रकाचं गणितही आधी मांडा. पाच सलग तासिका लागतात, चाळीस-चाळीस मिनिटांच्या. मध्ये आठवडा गेला की साचे विसरतात आणि सगळं पहिल्यापासून. कोकणात गणपतीच्या आधीचे आणि शिमग्याच्या आसपासचे आठवडे यासाठी घेऊ नका, उपस्थिती अर्धी असते. कोळीवाड्याच्या शाळेत जून-जुलै चांगला: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, घरची धावपळ कमी असते आणि मुलं टिकून येतात. फक्त पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा पुतळ्यांचा दिवस मुसळधार पावसासाठी राखून ठेवावा.

स्नेहसंमेलनाचा मोह सांभाळा. पाच दिवसांत तयार झालेला जिवंत प्रवेश माइक, वेशभूषा आणि तीन आठवड्यांच्या तालमीत घातला की पुन्हा पाठांतरावर येतो आणि पहिल्या रांगेतली चार मुलंच उरतात. दाखवायचंच असेल तर शाळेच्या पडवीत, पालकसभेला, फोरमच्या रीतीनेच दाखवा. अडवणुकीशी प्रवेश थांबवा आणि पालकांना ‘स्टॉप’ म्हणू द्या. आया बोलीत बोलतील, मुलं त्यांची वाक्यं इंग्रजीत बसवून देतील. हा उलटा तास पाहण्याजोगा असतो.

मूल्यमापनाला गुणांचा तक्ता नको. वहीत रोज दोन मुलांची नोंद करा: स्वतःहून बोललं का, साचा दुसऱ्या ठिकाणी वापरला का. पाणी प्यायला जाताना कुणी ‘कॅन आय ड्रिंक, प्लीज?’ म्हणालं तर ती नोंद चाचणीतल्या दहा गुणांपेक्षा मोलाची आहे. आणि खेळाच्या तासाला दोरी वाटताना कुणी ‘हू मेड धिस रूल?’ विचारलं तर उत्तर तयार ठेवा. प्रश्न तुम्हालाच विचारलेला असेल.

सुरुवात करणाऱ्यांनी शोधपेटीत ‘इक्वॅलिटी’ वगैरे शब्द टाकू नयेत. भाषा इंग्रजी, पातळी पहिली निवडावी आणि गोष्टी एकामागून एक चाळत जावं, हातात पेन्सिल घेऊन. तासाभरात कामाच्या दोन सापडतात. तेवढ्या एका सत्राला पुरतात.